आई-बाबांसाठी केअर सेंटर बघताय? आधी रात्रपाळीबद्दल विचारा

नाशिकमध्ये ‘नर्सिंग होम’ शोधायला निघालात तर पाट्या भरपूर दिसतील. पण त्या छोट्या खासगी रुग्णालयांच्या आणि प्रसूतिगृहांच्या. १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी होते ती प्रामुख्यानं यांची. थकलेल्या आई-वडिलांना कायमचं ठेवण्यासाठीच्या जागांना आपल्याकडे वृद्धाश्रम किंवा केअर सेंटर म्हणतात.

या दोन शब्दांतला फरक पुढे महागात पडतो. वृद्धाश्रम सहसा स्वतः चालणाऱ्या, स्वतः जेवणाऱ्या माणसाला घेतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी केअर सेंटर. आज वडील काठी घेऊन फिरतात म्हणून वृद्धाश्रम निवडला आणि वर्षभरात खुब्याचं हाड मोडलं, की ‘आता यांना घेऊन जा’ असा फोन येऊ शकतो. मग नवी जागा दोन दिवसांत शोधायची, तीही हॉस्पिटलच्या बाकावर बसून. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: अंथरुणाला लागले, विस्मरण वाढलं, तर ठेवणार की परत पाठवणार? उत्तर करारात लिहून घ्या.

रात्री कोण असतं?

दिवसा सगळीकडे वर्दळ असते. खरी परीक्षा रात्री दोनला, बाथरूमकडे जाताना आई पडते तेव्हा. किती जणांमागे एक मावशी जागी असते? प्रशिक्षित नर्स आहे की फक्त फोनवर? झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याची नोंदवही असते का, ती दाखवायला सांगा. सलाईन, नळीनं अन्न अशी शुश्रूषा होत असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे नोंदणी आहे का, हेही विचारा.

चकचकीत फरशी आणि बागेचे फोटो व्हॉट्सॲपवर येतील. त्यावर जाऊ नका. रविवारी संध्याकाळी न कळवता जा. लघवीचा वास येतो का, वाढलेली नखं दिसतात का, मधुमेह्यालाही सर्वांसारखाच गोड चहा मिळतो का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

जवळचं मोठं हॉस्पिटल कोणतं आणि तिथे सोबत कोण जाणार? मुलं मुंबई-पुण्यात किंवा परदेशात असतील तर हा प्रश्न टाळू नका. २०२६-२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटी आणि त्र्यंबक रोडकडचे रस्ते बंद असतात, तेव्हा रुग्णवाहिका कुठून निघणार, हेही त्यात आलं.

पैसे आणि कागद

महिन्याच्या रकमेत सगळं येतं असं समजू नका. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, खासगी आया यांचं बिल बहुधा वेगळं असतं. पहिल्याच महिन्यात माणूस गेला किंवा घरी परतला, तर अनामत किती परत? विचारायला जीभ रेटत नाही, पण विचाराच. आयुष्मान वय वंदना कार्डावर ७० वर्षांवरील व्यक्तीला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ते केअर सेंटरचं भाडं भरत नाही, रुग्णालयातल्या उपचारांसाठी मात्र काढून ठेवा.

आणि ज्यांना तिथे राहायचं आहे त्यांना आधी जागा दाखवा. एक महिना राहून बघू, असं म्हणणं सोपं जातं. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती मुलांइतकीच त्यांनाही असते.

खर्चासाठी घर मुलांच्या नावावर करण्याची घाई तेवढी नको. करायचंच असेल तर सांभाळाची अट दस्तात असू द्या. तशी अट असून सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. माहितीसाठी ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन: १४५६७.