पुन्हा त्याच दारीं

कारखान्यानें ज्याला एकदां कमी केलें, त्यालाच कांहीं दिवसांनीं तोच कारखाना बोलावूं लागला, तर त्यानें जावें किंवा नाहीं, आणि गेल्यास कोणत्या समजुतीनें जावें, या विषयावर मी आज थोडें बोलणार आहें. मी कांहीं वकील नव्हें. छत्तीस वर्षें मुलांना गणित व मराठी शिकविलें, एवढेंच माझें भांडवल. परंतु आमचें गांव नाशिकच्या सातपूर वसाहतीपासून फार लांब नाहीं. माझे पुष्कळसे विद्यार्थी तेथील कारखान्यांत लागले, आणि इंग्रजी कागद हातीं पडला कीं तो घेऊन अजूनहि ते माझ्याकडेच येतात.

असाच एक जण २०२२ च्या पावसाळ्यांत आला. लेथवर चौदा वर्षें काम केलेला टर्नर. २०२० सालच्या महामारींत कारखान्याकडचीं कामें आटलीं, तेव्हां त्याच्यासह कांहीं कामगारांस कमी करण्यांत आलें होतें. हिशेब घेऊन, बिऱ्हाड हलवून तो गांवीं आला आणि द्राक्षबागांत रोजंदारी करूं लागला. आतां जुन्या फोरमननें फोन करून त्याला बोलाविलें होतें. ‘गुरुजी, जाऊं ना?’ असें त्यानें हंसत विचारलें. पण त्याची बायको सोबत होती, ती हंसत नव्हती. ती म्हणाली, ‘ज्यांनीं यांना घरीं बसविलें, त्यांच्याच पुढें पुन्हा जाऊन उभें राहायचें का गुरुजी?’

तिचा प्रश्न मला रास्त वाटला, म्हणून आधीं त्याचेंच उत्तर पाहूं. आपण बोलतांना ‘कामावरून काढलें’ असें सरसकट म्हणतों. परंतु गैरवर्तनाबद्दल काढणें निराळें. काम थोडे दिवस थांबलें म्हणून घरीं बसविणें निराळें. आणि माणसें अधिक झालीं म्हणून कमी करणें त्याहून निराळें. दुसऱ्या प्रकारास ले-ऑफ म्हणतात. त्यांत हजेरीपटावर नांव कायम राहतें, आणि कायद्यांत बसत असल्यास मूळ पगार व महागाईभत्ता यांची निम्मी रक्कम मिळते. तिसऱ्या प्रकारांत, म्हणजे कपातींत, नांव पटावरून जातें. पण कामगाराच्या अंगीं दोष आहे असें त्यांत कोठेंहि म्हटलेलें नसतें. उलट त्याच्या जाण्याबद्दल मालकानेंच भरपाई द्यावयाची असते. मग परत जातांना त्या माणसानें मान खालीं कां घालावी?

कायदा तर याच्याहि पुढें गेलेला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं कपातीसंबंधींचीं कलमें घालण्यांत आलीं. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगारास एक महिन्याची सूचना किंवा तितका पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागें पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा. त्या त्या वर्गांत जो शेवटीं आला तो सामान्यतः आधीं जावा. आणि पुढें पुन्हा माणसें घ्यावयाचीं झालीं तर कमी केलेल्यांना संधि देऊन इतरांच्या आधीं त्यांना घ्यावें, अशी ती व्यवस्था होती. यांतलें शेवटचें कलम २५-एच. वर्ष न भरलेल्या कामगारासहि त्याचा लाभ आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं सेंट्रल बँकेच्या एका खटल्यांत ठरविलें. केंद्र सरकारच्या १९५७ च्या नियमांत तर असें होतें कीं, जागा भरण्यापूर्वीं निदान दहा दिवस फलकावर सूचना लावावी आणि कमी केलेल्या पात्र कामगारांना रजिस्टर टपालानें कळवावें. कोणत्या पत्त्यावर? तर त्यानें मालकास देऊन ठेवलेल्या पत्त्यावर. येथें पुष्कळांची फसगत होते. शहरांतली खोली सुटते, माणूस गांवीं येतो, आणि पत्र जुन्या चाळींत जाऊन परत फिरतें.

तेव्हां फोरमनचा फोन ही मेहेरबानी नव्हती, हें मीं त्या बाईंना समजावून सांगितलें. मात्र आज ऐकणारांनीं एक फरक ध्यानांत ठेवावा. त्या जुन्या कायद्याची जागा आतां औद्योगिक संबंध संहितेनें घेतली आहे. संसदेनें ती २०२० सालीं संमत केली आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत ती अंमलांत आली. परत घेण्याचा अग्रहक्क तिनेंहि ठेविला आहे. परंतु जुन्या कलमांत मुदत नव्हती, नव्यांत ती कपातीपासून एक वर्षाची आहे. माझा विद्यार्थी जवळजवळ दोन वर्षांनीं बोलाविला गेला. आजच्या नियमानें त्याला हा हक्क सांगतां आला नसता. मला हा बदल कामगाराच्या तोट्याचा वाटतो. मंदी कांहीं पंचांग पाहून वर्षाच्या आंत संपत नाहीं.

आतां माझ्या हातून झालेली एक चूक सांगतों. २०११ च्या सुमारास दुसरा एक विद्यार्थी असाच कागद घेऊन आला होता. निराळा कारखाना. छापील अर्ज होता. त्यांत ‘मी खासगी कारणास्तव आपण होऊन नोकरी सोडीत आहें’ असा मजकूर, आणि सही केल्यास कांहीं रक्कम अधिक मिळणार होती. मीं तो वाचून अर्थ सांगितला आणि म्हटलें, ‘कर सही, पैसे तरी पदरांत पडतील.’ दोन वर्षांनीं त्या कारखान्यानें नवीं माणसें घेतलीं. हा धांवत गेला, तेव्हां कारकुनानें तोच कागद पुढें केला. स्वेच्छेनें घेतलेली निवृत्ति कपातीच्या व्याख्येंत येत नाहीं; ती जेथें आली नाहीं तेथें अग्रहक्कहि नाहीं. मला व्याकरण येत होतें, पण त्या एका वाक्याची किंमत मला कळली नव्हती. त्या मुलानें मला कधीं दोष दिला नाहीं, आणि त्यामुळें मला अधिकच लाज वाटते.

म्हणून या टर्नरचे कागद मीं दोनदां वाचले. कपातीचें पत्र स्वच्छ होतें, राजीनामा कोठेंहि नव्हता. त्याला भीति निराळीच होती: परत गेल्यावर भरपाईचे पैसे मागतील काय? रीतसर संपलेल्या नोकरीबद्दल मिळालेली ती रक्कम आहे, ती परत द्यावी लागत नाहीं. पण याचीच दुसरी बाजू त्याच्या लक्षांत आली नव्हती. पैसे मिळाले, म्हणजे ती नोकरी तेथें संपली. कपातच बेकायदेशीर ठरवून न्यायालयानें पूर्ववत् कामावर घ्यावयास लाविलें, तर जुनी सेवा पुढें चालूं राहूं शकते. नुसतें पुन्हा घेतलें असतां, तसें लिहून दिल्यावांचून ती जोडली जाईल असें धरून चालूं नये.

हा फरक रुपयांत मांडूं. सोयीसाठीं पगार महिना २६,००० धरा, आणि तो सारा मूळ पगार व महागाईभत्ता समजा. ग्रॅच्युइटीसाठीं महिना २६ दिवसांचा मोजतात. तेव्हां दिवसाचे १,०००, वर्षामागें १५,०००, आणि चौदा वर्षांचे २,१०,०००. कपातीची भरपाई वर्षामागें अर्धा पगार, म्हणजे १३,००० प्रमाणें १,८२,०००. हे दोन्ही हिशेब पुरे झाले. नव्या नेमणुकींत ग्रॅच्युइटीचें वर्ष पहिल्यापासून मोजूं लागावयाचें, आणि १९७२ च्या कायद्यानें त्यास पांच वर्षांची सलग सेवा लागे. मुदतबंद नेमणुकीस नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनें ही अट सैल केली आहे; कायम नेमणुकीस ती आहेच. चोपन्नाव्या वर्षीं परत गेलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त झाला, तर चार वर्षांची ग्रॅच्युइटी त्याला हक्कानें मागतां येत नाहीं. भविष्यनिर्वाह निधीचें मात्र तसें नाहीं. तो क्रमांक तोच ठेवावा. पेन्शनचे पैसे मध्यंतरीं काढले नसतील तर दोन्ही ठिकाणचीं वर्षें मिळून दहा वर्षांची अट पुरी होऊं शकते.

दुसरी गोष्ट नेमणूक कोणाच्या नांवानें आहे ही. तेंच यंत्र, तोच फोरमन, पण पत्रावर ठेकेदाराचें नांव, असें अलीकडे फार होतें. मग आपण जुन्या मालकाकडे गेलोंच नाहीं. केवळ त्याच्या छपराखालीं गेलों.

मीं त्याला तीन प्रश्न कागदावर लिहून दिले: नेमणूक कोण देणार, पगाराची श्रेणी कोणती, आणि मागची सेवा धरणार कीं नाहीं. फोरमन म्हणाला, ‘आधीं ये, कागद मागाहून होईल.’ त्यानें नम्रपणें नकार दिला. त्या चार दिवसांत त्याच्या घरीं चूल पेटत होती, पण बोलणें बंद होतें, असें पुढें त्याच्या बायकोनें मला सांगितलें. पांचव्या दिवशीं पत्र आलें. नेमणूक कारखान्याच्याच नांवें, पगार पूर्वीपेक्षां अडीच हजारांनीं कमी, मागची सेवा धरलेली नाहीं. तें पत्र मीं तिघांसमोर, म्हणजे तो, त्याची बायको व त्याचा भाऊ यांच्यासमोर, ओळ न् ओळ मराठींत वाचून दाखविलें. पगाराचा आंकडा त्याच्या बायकोनें पुन्हा एकदां वाचावयास लाविला. तो तेव्हां एकेचाळीस वर्षांचा होता, पुढें सतरा वर्षें होतीं. बायकोनेंच म्हटलें, ‘जाऊं द्या त्यांना.’

तो रुजू झाला त्या आठवड्यांत त्याच्याबरोबर कमी झालेल्या आणखी दोघांचे पत्ते आम्हीं शोधून काढले. दोघांचींहि पत्रें जुन्या पत्त्यावरून परत गेलीं होतीं. एकाचा नवा पत्ता रजिस्टर टपालानें कारखान्यास कळविला, आणि त्याला जागा मिळाली. दुसरा सुरतेस गेला होता. त्याला निरोप पोंचेपर्यंत जागा भरल्या होत्या.