नाण्यावरची खूण : टांकसाळीतली की नंतरची?

टांकसाळीत चुकलेले नाणे संग्राहक दर्शनी किमतीच्या कितीतरी पट देऊन घेतात. म्हणूनच घरी बिघडवलेली नाणीही ‘चुकीची’ म्हणून विकली जातात आणि नाणी जमवणारे विद्यार्थी फसतात. खरी चूक ओळखण्यासाठी नाणे कसे पाडतात हे आधी पाहू.

मुंबईची टांकसाळ असो वा दुसरी, मुख्य टप्पे तीन. धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, चकतीची कड दाबून उचलतात आणि शेवटी ती कड्यात बसवून दोन ठशांमध्ये दाबतात.

पट्टी पुरेशी सरकली नाही, तर चकती आधीच्या भोकावर कापली जाते आणि चंद्रकोरीएवढा तुकडा कमी पडतो. कड उचलताना त्या जागी धातू नसल्याने बरोबर समोरच्या कडेवर दाब पडत नाही. तीही बहुधा पुसट राहते. कानसीने घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठळक असते.

ठशाला तडा गेला, तर दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेषा येते. नंतरचा ओरखडा खोलगट असतो. नखाने चाचपले तरी फरक कळतो.

कधी पाडलेले नाणे ठशालाच चिकटून राहते. मग पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट छाप उठते. दोन नाणी शेगड्यात आवळूनही अशी छाप मिळते. पण तेव्हा मागची बाजू चेपते.

काही फरक मात्र चुका नव्हेतच. सालाखालचा हिरा मुंबईची, तारा हैदराबादची, तर ठिपका नोएडाची खूण. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. ₹ चिन्ह नसलेले दहा रुपयांचे नाणेही खरेच. त्या वेळेपर्यंतचे चौदाही नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले. शिवराई हातोड्याने पाडत, म्हणून तिच्यावरची अक्षरे अर्धवट असणे स्वाभाविकच.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मालेसारख्या गावातल्या दुकानाच्या गल्ल्यातली नाणीही त्याला पुरतात. नाणे वर-खाली दोन बोटांत धरून उभ्या अक्षाभोवती फिरवा. आजच्या भारतीय नाण्याच्या दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. मागची बाजू तिरपी दिसली, तर टांकसाळीत एक ठसा फिरलेला होता. प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारायचा : ही कोणत्या टप्प्यावर उमटू शकेल? टप्पा सापडला नाही, तर जास्तीचे पैसे मोजू नयेत.