बॉल पोराचा, हिशोब बापाचा

दिवाळी उलटली की भंडारदऱ्याला जलाशयाच्या काठाने तंबूंची गर्दी होते. मुंबई-पुणे-नाशिकच्या गाड्या शुक्रवारी रात्री काठावरच्या शेंडी गावात शिरतात आणि रविवारी जेवणं उरकून परततात. अशाच एका सकाळी पाण्यालगतच्या सपाट जागेवर एक वडील दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा फुटबॉलचा सराव घेत होते. गाडीच्या डिकीतून केशरी कोन निघाले, त्यांची नागमोडी रांग लागली, मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू झालं. मुलाच्या अंगात अकॅडमीची जर्सी, पायात स्टड. थोड्या वेळाने गावातली चार पोरं येऊन उभी राहिली, मग हळूच आत घुसली, चपला ठेवून गोल आखला गेला आणि मॅच सुरू झाली. पाहुण्या मुलाने दोघांना चकवलं आणि समोर मोकळ्या उभ्या असलेल्या पोराला पास दिला. त्याने बॉल आत ढकलला. एकच गिल्ला झाला. तेवढ्यात काठावरून आवाज आला, "अरे, पास कशाला दिलास? तू मारायचा होतास ना! पुढच्या आठवड्यात ट्रायल आहे. तिथे तुझा पास कोण बघणार आहे?"

फुटबॉल कळणारा कोणीही सांगेल की तो पास अगदी बरोबर होता. पण वडिलांचंही सगळंच चुकत नव्हतं. ट्रायलला पोरांची झुंबड असते, एकेकाच्या वाट्याला काही मिनिटं येतात आणि निवडणाऱ्यांच्या डोळ्यांत गोल मारणारा आधी भरतो. हे त्या गृहस्थांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून मैदानाच्या कडेला ओरडणाऱ्या पालकांची टिंगल करून मोकळं होणं मला पटत नाही. माणसं मुळात तापट म्हणून ओरडतात असं नाही. त्यांचं बरंच काही त्या बॉलवर लागलेलं असतं, आणि आपल्याकडे स्पर्धांची रचनाच अशी आहे की ते वसूल व्हायला वेळ फार थोडा मिळतो.

आधी खर्चाचं पाहू. अकॅडमीची फी, दर सहा महिन्यांनी तोकडे पडणारे बूट, टर्फचं भाडं, बाहेरगावच्या स्पर्धा, सुट्टीतली शिबिरं. शिवाय आईबाबांचे शनिवार-रविवार, जे कुठल्याच पावतीवर येत नाहीत. अमेरिकेत युटा स्टेट विद्यापीठातल्या ट्रॅव्हिस डॉर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरच्या उत्पन्नातला जितका मोठा वाटा मुलाच्या खेळावर जातो, तितका मुलाला पालकांचा दबाव जास्त जाणवतो, आणि दबाव वाढला की खेळातली गोडी कमी होते, असं त्यात दिसलं. यातला 'वाटा' महत्त्वाचा. श्रीमंत बापाचे पन्नास हजार आणि कारकुनाचे पन्नास हजार सारखे नसतात. पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे घरात बोलले जात नाहीत, पण पोराला ते बरोबर ऐकू येतात.

मैदानावर याचं काय होतं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. बॉल पायात आल्यावर खेळाडूला एखाद-दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात मान वर करून कोण मोकळा आहे, कोण अंगावर येतोय, जागा कुठे आहे हे हेरायचं असतं. नेमक्या त्याच क्षणी सर ओरडतात, "खोल! विंगला दे!" आणि बाबा ओरडतात, "मार! शूट मार!" मुलगा मैदानाऐवजी कडेला बघतो. तो बघेपर्यंत बॉल गेलेला असतो. असं चार मॅचमध्ये झालं की पोरगं शहाणं होतं, म्हणजे वाईट अर्थाने शहाणं होतं. बॉल आला की लगेच मागे देऊन टाकतं, कोणाला चकवायला जात नाही, कारण चकवताना बॉल गेला तर घरी जाताना गाडीत त्याचीच उजळणी होणार. फुटबॉलमध्ये जो धाडसीपणा दहाव्या वर्षी यायला हवा, तोच आपण ओरडून काढून घेतो आणि सोळाव्या वर्षी कोचला विचारतो, "सर, हा पुढे का जात नाही?"

मुलांना स्वतःला काय हवं असतं? जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अमांडा व्हिसेक यांनी हा प्रश्न फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनाच विचारला. खेळात मजा कशामुळे येते, याची ८१ कारणं निघाली. जीव तोडून खेळणं, संघात एकमेकांशी जमणं, कोचने नीट वागवणं ही वरच्या बाजूला होती. जिंकणं ४८ व्या क्रमांकावर. म्हणजे मुलांना जिंकायला आवडत नाही असं नव्हे, हरल्यावर ती रडतातच. पण चहा-बिस्किटं येईपर्यंत रडणं संपलेलं असतं. आपलं मात्र पुढच्या रविवारपर्यंत चालू राहतं.

मराठी मध्यमवर्गाला ही हौस तशी अलीकडची. कोल्हापूर सोडलं, जिथे पेठापेठांतल्या तालमींनी फुटबॉल जोपासला आणि शाहू स्टेडियमवर मॅचला अख्खं गाव लोटतं, तर उरलेल्या महाराष्ट्रात पोराला खेळवायचं म्हणजे क्रिकेट. २०१४ ला इंडियन सुपर लीग आली, टीव्हीवर झगमगाट आला. मग २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकासाठी राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' काढलं आणि १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभरातल्या शाळांची मुलं एकाच दिवशी मैदानात उतरवली. त्या विश्वचषकातल्या भारताच्या २१ जणांत दोन मराठी नावं होती. एक कोल्हापूरचा अनिकेत जाधव, वडील रिक्षाचालक. दुसरा नमित देशपांडे, मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत न्यू जर्सीत वाढलेला. भारत तिन्ही सामने हरला, पण पालकांच्या मनात ती दोन नावं घर करून राहिली. रिक्षावाल्याचा मुलगा जाऊ शकतो तर आपला का नाही, हा हिशोब तिथून सुरू झाला.

त्या गोष्टीतला एक तपशील मात्र सांगताना गळतो. अनिकेत घडला तो राज्य सरकारच्या पुण्यातल्या क्रीडा प्रबोधिनीत, जिथे राहणं, खाणं, शिक्षण, प्रशिक्षण सरकारच्या खर्चाने होतं. रिक्षाच्या कमाईतून अकॅडमीची फी भरून तो तिथवर गेलेला नाही. मुलाचा खेळ घरच्या खिशावरून उतरला की त्याच्या पायावरचं ओझंही काही प्रमाणात उतरतं. प्रबोधिनीच्या जागा मोजक्याच, म्हणून बाकीच्यांसाठी फी भरणं आलंच.

आणि जिथे जागा मोजक्या असतात तिथे वय कमी करणं येतं. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघं एकाच गटात खेळतात. दहाव्या वर्षी वर्षभराचा फरक उंचीत, धावण्यात, धक्क्यात सरळ दिसतो. निवड करणारे त्यालाच गुणवत्ता समजतात. कॅनडातल्या आइस हॉकीत रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्येच हे दाखवून दिलं होतं. आपल्याकडच्या काही पालकांनी त्यावर सरळ उपाय काढला: दाखलाच बदलायचा. म्हणून आता मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. फिफाने १७ वर्षांखालच्या विश्वचषकात २००९ पासून मनगटाचं एमआरआय आणलं. खोटं वय लावलेल्या पोराला रोज मैदानावर ते खोटं सांभाळावं लागतं, आणि पकडला गेला तर बंदी त्याच्यावर येते, दाखला आणणाऱ्यावर नाही.

आता पुन्हा भंडारदऱ्याकडे. त्या चार पोरांना कोणी ओरडत नव्हतं, म्हणून त्यांचं बालपण मोकळं, असा गोड निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टाळलेला बरा. अकोले तालुक्याच्या या पश्चिम भागात खेळ म्हणजे मुख्यतः कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि धावणं. आश्रमशाळांच्या प्रकल्प पातळीवरच्या स्पर्धाही बहुतेक याच खेळांच्या होतात. सह्याद्रीच्या याच रांगेतली, नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य घेऊन आली. तेव्हापासून धावणाऱ्या पोरीकडे घरचे वेगळ्या नजरेने बघू लागले. इथली अपेक्षा ट्रॉफीची नसते, भरतीची असते. पोलीस, फौज, वनरक्षक. शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीला खेळाचे जास्तीत जास्त २५ वाढीव गुण. या सवलती देणं योग्यच होतं. पण त्यामुळे खेळ हा प्रमाणपत्राकडे जाणारा रस्ता झाला, आणि रस्ता झाला की त्यावर घाई आली. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं याच घाईतून निघाली. शहरातला बाप "एवढा खर्च केला" म्हणतो, इथला "शेतावरचा एक हात सोडला" म्हणतो. पोराच्या कानाला दोन्ही सारखंच.

फुटबॉलच्या बाबतीत इथे आणखी एक विचित्र गोष्ट आहे. शाळकरी फुटबॉलची देशातली सर्वांत मानाची स्पर्धा सुब्रतो कप. १९६० पासून चालू. तिच्या तालुका-जिल्हा फेऱ्या बहुतेक जुलै-ऑगस्टच्या सुमारास येतात. त्या दिवसांत घाटघर, रतनवाडी, साम्रद भागात पाऊस कसा कोसळतो हे पाहिलेल्यालाच कळेल. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी उगाच म्हणत नाहीत. शाळेचं मैदान म्हणजे चिखलाचं खाचर झालेलं आणि खरी खाचरं आवणीला आलेली. घरात प्रत्येक हात भाताला लागतो. अशात पोरगं तालुक्याला जिंकलंच तर पुढे जिल्हा म्हणजे अहिल्यानगर, वाडिया पार्क. इथून नाशिक त्याच्या निम्म्या अंतरावर आहे. एका मॅचसाठी एसटीने एवढं जायचं, हरलं की संध्याकाळच्या गाडीने परत, आणि वर्षाचा फुटबॉल संपला.

बाद पद्धतीचा हा तोटा शहरातही तितकाच आहे. शाळेच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेल्या मुलाच्या वाट्याला आखीव स्पर्धेतला फुटबॉल वर्षाला तासभरही येत नाही. वर्षभराची फी, सराव, पहाटेचे गजर त्या तासात उभे असतात. आई-बाबा काठावर बेभान होतात यात मला नवल वाटत नाही. नॉर्वेने याचं मूळ ओळखलं. तिथे १९८७ पासून लहान मुलांच्या खेळासाठी नियम आहेत आणि अकरा वर्षांखालच्या मुलांचे गुणतक्ते, क्रमवारी लावायला बंदी आहे. गोल मोजतात, पोरं मोजणारच, पण तक्ता भिंतीवर लागत नाही. इंग्लंडने २००८ मध्ये मैदानाच्या कडेला दोरी बांधून पालकांना तिच्यामागे उभं केलं. दोरीचा उपाय दिसायला ठसठशीत आहे. मला विचाराल तर तक्त्याचा उपाय खोलवरचा आहे, कारण तो पालकाच्या हातातली पाटीच काढून घेतो.

अकोल्यासारख्या तालुक्यात यातलं काय जमेल? भात कापून झालं की खळ्यांसारखी सपाट शेतं मोकळी पडतात, मैदानं सुकतात, एसटी वेळेवर धावते. तेव्हापासून परीक्षांपर्यंत शेंडी, राजूर, कोतूळ, समशेरपूरच्या शाळांनी पंधरा दिवसांनी एकमेकांकडे जाऊन खेळावं. सात-सात जणांचे संघ, हरलं तरी पुढची मॅच ठरलेली, दर शाळेला हंगामात आठ-दहा सामने. यासाठी सुब्रतोच्या तारखा हलवायला नकोत की फार निधीही नको. एक बॉल, चार कोन, शाळेचा एक सर आणि गावातला कोणी माजी खेळाडू शिट्टी वाजवायला. मार्चपर्यंत पोराच्या खात्यावर इतके सामने जमतील की त्यातला एखादा हरल्याचं घरी कोणाला धड आठवणारही नाही.