आर्ट्स घेऊन काय करणार?

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस आमच्या घरी पालकांची ये-जा सुरू असते. हातात निकालाचा कागद आणि तोंडी एकच प्रश्न, "पुढे काय?" यंदा एक विद्यार्थिनी अम्मीला घेऊन आली. गुण ८८ टक्के. मान खाली घालून ती म्हणाली, "मला आर्ट्स घ्यायचंय." अम्मी लगेच म्हणाली, "आता तुम्हीच समजवा हिला. एवढे मार्क पडूनही आर्ट्स घेतलं तर लोक काय म्हणतील? आणि घेऊन करणार तरी काय?"

आम्ही लगेच काही बोललो नाही, कारण आम्हाला एक जुना विद्यार्थी आठवला. त्याचे निबंध शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचले जात. "हुशार आहेस, सायन्स घे," हा सल्ला त्याला आम्हीच दिला होता. बारावीत तो दोनदा नापास झाला आणि शिक्षण सुटले. आज तो दुकानात कामाला आहे. हलालच्या कमाईत कमीपणा नाही. पण भेटला की म्हणतो, "आता काही वाचत नाही." हे ऐकताना आमची मान खाली जाते.

म्हणून या वेळी आम्ही त्या अम्मींना समजावले, मुलीला नाही. जे बोललो ते इथे मांडतो, कारण हा प्रश्न अनेक घरांत असणार.

इतिहास : ऐकलेले तपासून घेणे

इब्न खल्दून यांचा जन्म १३३२ मध्ये ट्युनिसला झाला. ते सतरा वर्षांचे असताना प्लेगच्या साथीत आई-वडील गेले. पुढे ते अनेक दरबारांत राहिले, तुरुंगातही गेले. राज्ये उभी राहताना आणि कोसळताना त्यांनी जवळून पाहिली. मग आजच्या अल्जीरियातील एका किल्ल्यात एकांतात बसून १३७७ मध्ये त्यांनी 'मुकद्दिमा' लिहिला.

इतिहास म्हणजे बादशहांची नावे आणि लढायांच्या तारखा, असे आपण समजतो. इब्न खल्दून मात्र विचारतात, हे असे का घडले? एकमेकांसाठी उभे राहणारी माणसे राज्य उभारतात. या आपलेपणाला ते 'असबिय्यत' म्हणतात. पुढच्या पिढ्या ऐषआरामात वाढतात, आपलेपणा सैल होतो आणि साधारण तीन पिढ्यांत राज्य ढासळते, असे त्यांनी मांडले. आजोबांनी उभा केलेला धंदा नातवांच्या भांडणात बुडालेला आपण गावोगाव पाहतो. सहाशे वर्षांपूर्वीचे पुस्तक आपल्याच गल्लीबद्दल बोलते आहे असे वाटते.

आणखी एक गोष्ट. हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्या सैन्यात सहा लाख किंवा त्याहून अधिक माणसे होती, असे जुने इतिहासकार लिहून गेले होते. इब्न खल्दून यांनी तो आकडा तसाच उचलला नाही. एवढे सैन्य पोसण्याची त्या मुलखाची ताकद होती का? एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाच्या सैनिकाला कसे कळणार? मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी आपण असा एक तरी प्रश्न विचारतो का? ही सवय इतिहास लावतो. आज प्रत्येक घराला तिची गरज आहे.

साहित्य : उंबऱ्याच्या आत

इतिहास दरबारापर्यंत पोचतो, चुलीपर्यंत क्वचितच. तिथे साहित्य जाते. डेप्युटी नजीर अहमद यांना आपल्या मुलींना वाचायला योग्य पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. १८६९ मध्ये ते 'मिरातुल उरूस' या नावाने छापून आले. उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते.

दिल्लीतील दोन बहिणी, अकबरी आणि असगरी, एकाच घरात सुना म्हणून जातात. लाडावलेली अकबरी वेगळी चूल मांडते आणि एका गोडबोल्या बाईच्या नादी लागून दागिने घालवून बसते. असगरी घरखर्चाचा हिशेब पाहते, हिशेबात चोरी करणाऱ्या जुन्या मोलकरणीला उघडे पाडते आणि पुढे घरातच मुलींचा मदरसा सुरू करते. त्या काळच्या सरकारी कागदांत राज्याचा महसूल सापडेल. पण किराण्याची उधारी कशी वाढत गेली आणि सासूला कोणी कसे फसवले, हे या कादंबरीत सापडते.

आजची वाचक मात्र थांबून विचारेल, अकबरी एवढी वाईट का दाखवली? तिची बाजू कोणी ऐकली का? असे विचारणारी मुलगी उद्या शेजारणीबद्दल मत बनवतानाही क्षणभर थांबेल.

तत्त्वज्ञान : लहान मुलाचा प्रश्न

तत्त्वज्ञान म्हटले की आपण घाबरतो. पण त्याची सुरुवात लहान मुलाच्या प्रश्नाने होते. बाराव्या शतकात अंदलुसचे हकीम इब्न तुफैल यांनी 'हय इब्न यक्जान' ही कथा लिहिली. निर्जन बेटावर एका हरिणीने वाढवलेला मुलगा. एक दिवस ती हरिणी निपचित पडते. डोळे आहेत, कान आहेत, मग हाकेला ओ का देत नाही? काय निघून गेले? या प्रश्नाचा माग काढत तो शरीर, निसर्ग, आकाश पाहत अखेर निर्माणकर्त्यापर्यंत पोचतो. १६७१ मध्ये ऑक्सफर्डला हे पुस्तक लॅटिनमध्ये आले आणि युरोपनेही ते वाचले.

घरात मय्यत झाली की लहान मुले हाच प्रश्न विचारतात. आपण "गप्प बस" म्हणतो. इब्न तुफैल यांनी त्या प्रश्नाचे पुस्तक केले.

दादीची वही

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून आम्ही त्या अम्मींना एक वही दाखवली. वर्गात आम्ही एक काम दिले होते. १९७२ च्या दुष्काळाबद्दल दादी-नानीला विचारा आणि लिहून आणा. काय घडले, कसे वाटले आणि त्यातून काय समजले, असे तीन प्रश्न.

वही याच मुलीची होती. दादीने रोजगार हमीवर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी थापल्या. हे झाले काय घडले. पुढे लिहिले होते, "दादी म्हणाली, भुकेपेक्षा लाज जास्त वाटायची. पण खडीवर सगळ्या जातीच्या बाया एकाच रांगेत बसायच्या, तेव्हा लाज गेली." आणि शेवटी, "गरिबी ही त्या माणसाची चूक असते का, हे मला आता विचारावंसं वाटतं."

अम्मींनी ते पान दोनदा वाचले. म्हणाल्या, "सासूबाईंनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही." आम्ही म्हणालो, "कोणी विचारलंच नसेल."

पोटाचा प्रश्न

चार दिवसांनी त्या मुलीचे अब्बा आले. ते टेम्पो चालवतात. त्यांनी सरळ विचारले, "पोट भरेल का?" खोटी हमी आम्ही दिली नाही. वकिली, शिक्षकी, पत्रकारिता, भाषांतर, स्पर्धा परीक्षा, हे रस्ते आर्ट्सकडूनही जातात. पण ८८ टक्के मिळवताना जी मेहनत केली तीच पुढेही करावी लागेल. मनाविरुद्ध घेतलेले सायन्सही पोटाची हमी देत नाही, हे आम्ही आमच्या चुकीतून शिकलो आहोत. तो जुना किस्साही त्यांना सांगितला.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलीकडे पाहून म्हणाले, "भर फॉर्म. पण बी.ए. अर्धवट सोडायचं नाही." आमच्याही मनावरचे ओझे थोडे उतरले.

आपल्या घरात दादी-नानी हयात असतील तर मुलांना आज त्यांच्याजवळ बसवा आणि हे तीन प्रश्न विचारायला सांगा. मूल कोणतीही शाखा घेवो, हे इल्म त्याला लागणारच आहे.