रुग्णाशी नाते (लेखांक ५) : ओळखीपासून निरोपापर्यंत

मागील लेखांकात समानुभूतीचा, म्हणजे रुग्णाची अवस्था त्याच्या जागी उभे राहून जाणण्याच्या क्षमतेचा विचार केला. मात्र अशी जाणीव असली म्हणून नाते आपोआप जुळत नाही. त्याला क्रम असतो, आणि हा क्रम अमेरिकी परिचर्यातज्ज्ञ हिल्डगार्ड पेप्लाउ (१९०९-१९९९) यांनी १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चार टप्प्यांत मांडला. परिचयाच्या टप्प्यात रुग्णाची अडचण नेमकी काय आहे हे रुग्ण आणि परिचारिका मिळून ठरवतात. दुसऱ्या टप्प्यात आपल्याला मदत करू शकणारी व्यक्ती कोण, हे रुग्णाला उमगते. तिसऱ्यात तो त्या मदतीचा पुरेपूर उपयोग करून घेतो. आणि चौथ्यात, म्हणजे समापनात, त्याला त्या मदतीची गरज उरत नाही. या प्रवासात परिचारिकेच्या भूमिकाही बदलत जातात, आणि त्यांतील पहिली भूमिका अनोळखी व्यक्तीची असते, हे पेप्लाउ यांचे निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. कारण त्यामुळे विश्वास गृहीत न धरता तो मिळवावा लागतो.

क्षयरोगाच्या उपचारात हा क्रम स्पष्ट दिसतो. घरी राहून घेतलेले उपचार सॅनिटोरियममधील उपचारांइतकेच परिणामकारक ठरू शकतात, असे १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रास येथील अभ्यासाने दाखवून दिले आणि त्यानंतर या उपचाराचे केंद्र हळूहळू रुग्णाच्या घराकडे सरकले. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगासाठी सहसा सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांतील रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लालसर होते. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली नाही, तर घाबरलेला रुग्ण गोळ्यांवर आणि त्या देणाऱ्या माणसावर एकाच वेळी अविश्वास दाखवू लागतो. नात्याची खरी कसोटी मात्र पुढे लागते, कारण काही आठवड्यांत खोकला व ताप ओसरतात, भूक परत येते, मजुरीवर जाणे सुरू होते आणि बरे वाटणे व बरे होणे यांतील फरक धूसर होतो. उपचार अर्धवट सुटल्यास आजार उलटण्याचा आणि जंतू औषधांना न जुमानण्याचा धोका असतो; तरीही अशा वेळी गोळ्या देणाऱ्या आशाताईने (गावातील आरोग्य कार्यकर्तीने) नुसता धाक घातला, तर रुग्ण गोळ्या चुकवतो आणि ते लपवतोही. याउलट ‘मावशी, गोळी घेतली की मळमळतं का?’ असे विचारल्यास चुकलेल्या गोळीमागचे कारण उघड होते आणि त्यावर उपाय करता येतो.

समापनाची तयारीही आधीपासून करावी लागते. शेवटच्या तपासणीनंतर पुन्हा कोणत्या लक्षणांसाठी आणि कुठे यायचे, हे रुग्णाला स्वतः सांगता आले पाहिजे. कारण रुग्णाला कायमचे परावलंबी ठेवणारे नाते कितीही मायेचे असले, तरी पेप्लाउ यांच्या कसोटीवर ते अपुरेच ठरते.