कोजागिरीला पेरा, शिवरात्रीपर्यंत खा : नागऱ्यातली कुरळी केल

सुरुवातीलाच एक खुलासा. मागच्या भागात मी "पुढच्या वेळी केल" म्हटलं, आणि तिघांनी मला केळीचे कंद कुठे मिळतात ते विचारलं. केल. ल लसणातला, बाळातला ळ नाही. इन्स्टाग्रामवर हिरव्या ज्यूसच्या ग्लासात दिसते ना, तीच कुरळ्या पानांची भाजी.

आता ही कोण लागते आपली? पत्ताकोबी, फूलकोबी, गाठगोभी, ब्रोकोली आणि केल, या सगळ्या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकच जात आहेत, ब्रासिका ओलेरेसिया. कोबीचा गड्डा म्हणजे पानं मिटलेली एक मोठी कळी. केल ती कळी मिटत नाही, पानं उघडीच ठेवते, एवढाच फरक. काश्मीरमध्ये घरोघरी शिजणारा हाक हा तर हिचा अगदी जवळचा सोयरा. त्यामुळे ज्यांच्या घरी कोबीची रोपं करतात त्यांना केल नव्याने शिकायची गरज नाही. शिकायची आहे ती वेळ. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ थंड देशातले असतात. तिथे मार्चमध्ये पेरा म्हणतात. आपल्या नागऱ्यात मार्चमध्ये केल पेरली तर मे महिन्याच्या उन्हात काय होईल ते मी सांगायला नको.

मी हिशेब सणांवर बसवलाय, कारण तो लक्षात राहतो. कोजागिरीला बी टाकायचं. बरोबर एक चांद्रमास, म्हणजे साडेएकोणतीस दिवसांनी, कार्तिक पौर्णिमा. तोवर रोपांना चार-पाच खरी पानं आलेली असतात, त्या सुमाराला रोवणी. तिथून पन्नास-पंचावन्न दिवसांनी, थंडी भरात असताना, पहिली तोडणी. आणि आपल्या शिवमंदिराची महाशिवरात्रीची यात्रा भरते तेव्हा केल संपत आलेली असते. त्यानंतर ऊन चढतं, पान जाड आणि कडू होतं. म्हणजे खायला मिळतात साधारण सात आठवडे. काही वर्षी कोजागिरी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच येते आणि पाऊस हटलेला नसतो. तेव्हा सरळ आठ-दहा दिवस थांबा. सण लक्षात ठेवायला आहेत, पाऊस बघायला डोळे आहेत.

बी मोहरीसारखंच, गोल काळपट. एका ग्रॅममध्ये अंदाजे तीनशे दाणे येतात. पाकीट घेताना किंमत नंतर बघा, आधी बी तपासल्याची तारीख आणि उगवणशक्तीचा आकडा बघा. गुलाबी किंवा निळा रंग लावलेलं बी असेल तर त्याला औषध लावलेलं असतं. हाताळल्यावर हात धुवायचे आणि लहान पोरांपासून लांब ठेवायचं. शंका असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवड्यात सात-आठ फुटले की बी चांगलं.

ट्रेमध्ये किंवा जुन्या घमेल्याला भोकं पाडून माती भरा, अर्धी माती, अर्धं कुजलेलं शेणखत. एक सेंटिमीटर खोल, दाण्यादाण्यात दोन बोटं अंतर ठेवून पेरा. धानाचे पऱ्हे आपण दाट टाकतो, तो हात इथे आवरायचा. दाट रोपं आणि सतत ओली माती झाली की रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात, आणि एकदा ती बुरशी लागली की ट्रे वाचत नाही. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको. चार ते सात दिवसांत कोंब दिसतात. दिसले रे दिसले की ट्रे उन्हात न्या, सावलीत रोपं लांबट होतात.

आता मातीचं बोलू, कारण आपल्याकडे खरी अडचण इथेच येते. घरामागची वाडी पूर्वी बांधी असेल, तर तिथे वर्षानुवर्षं चिखलणी झालेली असते. चिखलणीने खाली एक टणक थर बसतो. धानाला तो थर हवा असतो, पाणी धरून ठेवतो म्हणून. केलच्या मुळांना तोच नको असतो. म्हणून सब्बलने दीड फूट खणून घ्या, नाहीतर सरळ अर्धा-पाऊण फूट उंच वाफा करा. राइस मिलचं तूस थोडं मिसळलं तर माती भुसभुशीत राहते. ते खत नव्हे बरं, कुजायला फार वेळ घेतं, पण माती मोकळी ठेवतं. रोपं दीड-दीड फुटावर लावायची, पहिल्या पानापर्यंत मातीत बुडवून, आणि वरून तणस अंथरायची. तणस आपल्याकडे फुकट आहे, आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत पाण्याची एक पाळी तीच वाचवते.

किडीत दोन नावं लक्षात ठेवा: मावा आणि चौकोनी ठिपक्याचा पतंग. या पतंगाची हिरवी अळी पानाची चाळणी करते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कोबीसाठी यावर एक छान युक्ती सांगितलेली आहे: कोबीच्या पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. पतंगाला मोहरी जास्त आवडते, तो तिथे जातो. एक मोहरी कोबी लावायच्या पंधरा दिवस आधी पेरायची, दुसरी पंचवीस दिवसांनी, म्हणजे कोवळी मोहरी कायम हजर. आपल्या सहा रोपांसाठी वाफ्याच्या कडेने मोहरी फेकली तरी पुरे. उरलेल्यासाठी निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर, गाळून, चिमूटभर साबण घालून, संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूने मारायचा. मावा कुरळ्या घड्यांत लपतो, म्हणून तोडलेलं पान मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवल्याशिवाय चिरू नका.

तोडताना खालची, बाहेरची पानं घ्या, मधला शेंडा तसाच ठेवा. थंडी पडली की झाड पानात साखर साठवतं, म्हणून जानेवारीचं पान सगळ्यात गोड. मधली शीर काढून टाका. मला स्वतःला स्मूदी आवडत नाही. पालकाच्या जागी केल घालून डाळभाजी करा आणि गरम भातावर घ्या, मग बोलू. पालकापेक्षा हिच्यात ऑक्झलेट बरंच कमी, त्यामुळे कॅल्शियम अंगाला लागतं. मात्र घरात कुणाला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच वाढा, हिच्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं.

"दादा, विकून पैसे होतील का?" हा मेसेज सगळ्यात जास्त येतो. माझं स्पष्ट मत: गिऱ्हाईक आधी ठरलेलं नसेल तर लावू नका. तोडलेलं पान काही तासांत मलूल होतं, आणि आठवडी बाजारात तिची ओळख पटवता पटवता दुपार होते. लाखोळीच्या भाजीला ओळख करून द्यावी लागत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या आजीने पहिल्याच वर्षी विचारली: "याचं बी केव्हा धरायचं?" लाखोळी, मोहरी, सांबार, सगळ्यांचं बी आमच्या घरी डब्यात असतं. केलचं धरता येत नाही. ही दोन वर्षांची वनस्पती. पहिल्या वर्षी पानं, मग कित्येक आठवडे सलग थंडी खाल्ल्यावर फुलं. आपल्याकडे रात्र कधी कधी आठ-दहा अंशांवर उतरते, पण दुपार परत ऊबदार होते, आणि लगेच उन्हाळा लागतो. झाडाला हिवाळा संपल्याचा हिशेबच लागत नाही, ते फुलायच्या आधीच वाळतं. म्हणजे बी दरवेळी विकतच. म्हणूनच मी म्हणतो, सहा झाडं लावा, आजीचा लाखोळीचा तुकडा मोडून केल लावू नका.

सहा झाडांना दहा-बारा दाणे लागतात. उरलेलं पाकीट हवाबंद डबीत, तांदळाचे चार भाजलेले दाणे टाकून, फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार वर्षं उगवतं. नाहीतर गल्लीतल्या पाच जणांनी मिळून एकच पाकीट आणा.