धडधड कुणामुळे?

रविवारी मित्रमंडळींसोबत क्लाइंबिंग वॉलवर गेलात. तुम्ही वर, दोर खाली ‘ति’च्या हातात. उतरलात तेव्हा छाती धडधडतेय, तळवे घामेजलेत आणि ती एकदम जास्तच आवडू लागलीय. हे प्रेम की उंची?

उंचीवर शरीरात अ‍ॅड्रेनलिन स्रवतं; ठोके वाढतात, श्वास जलद होतो. आवडती व्यक्ती समोर आली तरी साधारण हेच घडतं. मेंदू कारण शोधतो आणि कधीकधी भलत्याच्याच नावावर पावती फाडतो.

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन यांनी १९७४ मध्ये कॅनडातल्या कॅपिलानोच्या २३० फूट उंच झुलत्या पुलावरचा प्रयोग मांडला. एका तरुणीने पुरुषांकडून प्रश्नावली भरून घेऊन स्वतःचा फोन नंबर दिला. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी तिला फोन केला. अवघ्या १० फूट उंचीच्या भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त २ जणांनी.

नमुना लहान, शिवाय झुलत्या पुलावर जाणारे मुळातच धाडसी असतील, असे आक्षेप आहेतच. म्हणून घाई नको. खाली उतरा, चहा घ्या, श्वास शांत होऊ द्या. तरीही ती तितकीच आवडली, तर श्रेय भिंतीचं नाही!